चार बाण, दोन मोजपट्ट्या

मॉलमधल्या गेम झोनमध्ये बंदुकीच्या किंवा मोटारीच्या खेळापाशी बघे फारसे रेंगाळत नाहीत. नाचाच्या मशीनपाशी मात्र हमखास थांबतात. कधी तिथे आठ-नऊ वर्षांची मुलगी असते, बाण दिसला की दोन्ही पायांनी उडी मारणारी. तिचं झालं की एखादा घामाघूम पोरगा चढतो, मागची दांडी दोन्ही हातांनी धरतो आणि त्याचे पाय इतक्या वेगानं चालू लागतात की बघणाऱ्याला नुसतं धूसर काहीतरी दिसतं. मशीन तेच आणि बाण चारच. बऱ्याचदा गाणंही तेच. दोघंही उतरताना खूश असतात.

असा खेळ बनवणं सोपं नाही. नवख्याला सोपा करायला गेलं तर जाणता कंटाळतो. जाणत्याचं समाधान करायला गेलं तर नवखा पहिल्याच गाण्यात अपमान होऊन परततो आणि पुन्हा फिरकत नाही. कोनामी या जपानी कंपनीनं १९९८ साली ‘डान्स डान्स रेव्होल्यूशन’ आणलं, खेळणारे त्याला डीडीआर म्हणतात. त्यानंतर नाचाचे कितीतरी खेळ आले, पण हा पेच डीडीआरनं जितका नेटका सोडवला तितका फार थोड्यांना जमला. लोक याचं श्रेय सोप्या-अवघड पातळ्यांना देतात. पातळ्या काय, सगळ्याच खेळांना असतात. खरी करामत माझ्या मते वेगळी आहे. हा खेळ एकाच पावलाला दोन मोजपट्ट्या लावतो, आणि त्या दोन्हींचा एकमेकींशी जवळजवळ संबंध नाही.

खेळाची रीत दोन वाक्यांत सांगता येते. स्क्रीनच्या वरच्या भागात डावा, खालचा, वरचा आणि उजवा असे चार पोकळ बाण स्थिर असतात आणि खालून भरीव बाण वर सरकत येतात. भरीव बाण पोकळ बाणावर नेमका बसला की पायाखालचं तेच पॅनेल दाबायचं.

पहिली मोजपट्टी म्हणजे जीवपट्टी. गाणं सुरू होताना ती अर्धी भरलेली असते. बरं पाऊल पडलं की चढते, बाण हुकला की उतरते, रिकामी झाली की गाणं बंद. ती विचारते एवढंच : टिकलात का? दुसरी मोजपट्टी गुणांची. ती विचारते : नेमकं कधी पडलं पाऊल? प्रत्येक पावलाला शेरा मिळतो. मार्व्हलस, परफेक्ट, ग्रेट, गुड आणि शेवटी मिस. मार्व्हलस मिळवायचा तर ठोक्याच्या मागेपुढे एका सेकंदाच्या साठाव्या भागात पाय पडायला हवा, म्हणजे साधारण १६.७ मिलिसेकंद. परफेक्टला याच्या दुप्पट सूट. ग्रेटची खिडकी त्याहून कितीतरी रुंद. स्टेपमेनिया या फुकट मिळणाऱ्या, संगणकावर चालणाऱ्या खेळात मूळ सेटिंगला ग्रेट ९० मिलिसेकंदांपर्यंत मिळतो. ९० मिलिसेकंदांची चूक कानाला सहज कळते, पण ती चूक करूनही जीवपट्टी वरच चढते.

आता हिशेब मांडून बघू. अलीकडच्या डीडीआरमध्ये, म्हणजे ‘डीडीआर ए’च्या पद्धतीत, पूर्ण गाण्याचे दहा लाख गुण असतात. गाण्यात ४०० पावलं धरली तर एका पावलाला २,५०० गुण. मार्व्हलसला ते पूर्ण मिळतात. परफेक्टला फक्त दहा कमी, २,४९०. ग्रेटला मात्र साठ टक्के आणि वर दहा कमी, म्हणजे १,४९०. गुडला वीस टक्के उणे दहा, म्हणजे ४९०. समजा कुणी सगळीच्या सगळी ४०० पावलं ग्रेटनं टाकली. त्याची जीवपट्टी काठोकाठ भरलेली, कॉम्बो, म्हणजे न हुकता लागलेल्या बाणांची साखळी, एकदाही तुटलेला नाही, स्क्रीनवर ‘फुल कॉम्बो’ झळकतंय, मागून मित्र टाळ्या पिटतायत. आणि गुण? ५,९६,०००. श्रेणी सीच्या आसपास. नवख्याला ती श्रेणी दिसतसुद्धा नाही, त्याच्या दृष्टीनं गाणं पार पडलं. जाणत्याला त्याच ५,९६,००० मध्ये शिकायचं सगळं दिसतं.

वरच्या टोकाला हिशेब आणखी कडक होतो. त्याच गाण्यात सगळी पावलं परफेक्ट, मार्व्हलस एकही नाही, तर ९,९६,०००. तिहेरी ए ही श्रेणी ९,९०,००० ला मिळते, म्हणजे ती सहज पदरात पडते. पण सगळे मार्व्हलस आणि दहाच ग्रेट पडले, तर प्रत्येक ग्रेटमागे १,०१० गुण जाऊन उरतात ९,८९,९००. शंभर गुणांनी श्रेणी हुकली. नऊ ग्रेट चालले असते. म्हणून जाणते लोक गाणं ‘झालं’ असं म्हणत नाहीत, ‘किती ग्रेट आले’ असं विचारतात. त्यांच्या लेखी जीवपट्टीला अर्थच उरलेला नसतो. कुणाला तिची धास्ती परत हवी असेल तर बॅटरीचा पर्याय आहे : पट्टीच्या जागी चार जीव, चार चुका झाल्या की खेळ खल्लास.

पातळ्यांकडे आता वळू. बिगिनर, बेसिक, डिफिकल्ट, एक्स्पर्ट आणि चॅलेंज या पाच पायऱ्या. प्रत्येक पायरीला त्याच गाण्यावर बाणांची वेगळी मांडणी असते, तिला चार्ट म्हणतात. इथे एक गैरसमज पक्का बसलेला असतो की सोपा चार्ट म्हणजे अवघड चार्टमधले निम्मे बाण पुसून उरलेला सांगाडा. वाईट चार्ट तसाच असतो. चांगला सोपा चार्ट गाण्यातलं वेगळंच काहीतरी पकडतो. तबल्याच्या भाषेत सांगायचं तर बेसिकचा चार्ट ठाय लयीत चालतो, मुख्य ठोक्यावर एक पाऊल. १२० बीपीएमच्या, म्हणजे मिनिटाला १२० ठोक्यांच्या, गाण्यात हे सेकंदाला दोन पावलं, म्हणजे भराभर चालण्याइतकं. डिफिकल्टमध्ये दुगुन येते, ठोक्याला दोन पावलं. एक्स्पर्टमध्ये चौगुनीचे तुकडे, आडवे पाय, सुरावटीचा माग काढणारे बाण. बेसिक खेळणारा ढोलाबरोबर असतो आणि एक्स्पर्ट खेळणारा ढोलावर काय काय वाजतंय त्याच्याबरोबर. म्हणूनच ओळखीच्या गाण्याचा वरचा चार्ट पहिल्यांदा खेळताना तेच गाणं नव्यानं ऐकल्यासारखं वाटतं.

बाणांना रंग देण्याची एक सेटिंग आहे, तिचं नाव ‘नोट’. तिच्यात ठाय लयीचे बाण लाल, दुगुनीचे निळे, चौगुनीचे पिवळे आणि बाकीचे, तिगुनीसकट, हिरवे. नवखे ही सेटिंग शोभेची समजून सोडून देतात. मी तर म्हणेन पहिल्या दिवसापासून हीच लावावी. लाल-निळा-लाल दिसलं की पायाला आधीच कळतं, मधला बाण दोन ठोक्यांच्या बरोबर मध्ये आहे. डोळ्यानं अंतर मोजत बसण्यापेक्षा रंग ओळखणं कितीतरी सोपं.

पण सगळ्यात जास्त लोक अडकतात ते बाणांच्या वेगावर, आणि यावर थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण इथे सहजबुद्धी बरोबर उलटं सांगते. बाण वर सरकण्याचा वेग खेळाडूला बदलता येतो. एकपट, दीडपट, दुप्पट, तिप्पट असे आकडे असतात. २००१ सालच्या ‘डीडीआरमॅक्स’पासून हा पर्याय आहे. नवख्याला वाटतं, बाण हळू येऊ दे, म्हणजे विचार करायला वेळ मिळेल. म्हणून तो एकपटीवरच राहतो. बेसिकपर्यंत निभतंही. दुगुन सुरू झाली की मात्र त्याला समोर बाणांचा गुंता दिसतो.

कारण साध्या मापात आहे. स्टेपमेनियात बाण ६४ पिक्सेलचा असतो आणि एकपटीला दोन ठोक्यांमधलं अंतरही ६४ पिक्सेलच. म्हणजे ठाय लयीतले बाण एकमेकांना खेटून. दुगुनीला अंतर ३२ पिक्सेल, म्हणजे अर्धा बाण दुसऱ्यावर चढलेला. चौगुनीला १६ पिक्सेल, तिथे तर नुसता बाणांचा ढीग. वेग तिप्पट केला की दुगुनीतल्या बाणांमध्ये ९६ पिक्सेल मिळतात, प्रत्येक बाण सुटा दिसतो. गाण्याचा ठोका बदलत नाही, पायाचं काम तसूभरही वाढत नाही, वाचायला मात्र मोकळं होतं. वेग वाढवल्यावर खेळ सोपा होतो हे पटायला दोन-तीन गाणी जावी लागतात, एवढंच.

नेमका कितीपट ठेवायचा? गुणिलेचा आकडा पाठ करू नये. बीपीएम गुणिले पट हा गुणाकार लक्षात ठेवावा. १५० बीपीएमचं गाणं तिप्पट वेगानं खेळलं तर गुणाकार ४५०. ३०० बीपीएमचं गाणं दीडपटीवर, तोही ४५०. डोळ्यांना दोन्ही सारखंच सरकताना दिसतं. बेसिक-डिफिकल्टवाल्यानं ३०० च्या आसपास सुरुवात करावी आणि दुगुन गिचमिड वाटू लागली की ५०-५० नं वाढवत जावं. एक्स्पर्टवाले बरेचदा ५०० च्या वर असतात. गाण्यात मध्येच ठोका निम्मा किंवा दुप्पट होत असेल तर हा गुणाकारही मध्येच बदलतो, आणि तिथे भलेभले गारद होतात. स्टेपमेनियात सी-मॉड नावाचा पर्याय आहे : सी ४५० लावलं की ठोका कितीही बदलो, बाण ठरल्या वेगानंच सरकतात. मग गाण्यातल्या विरामाची कल्पना डोळ्यांना येत नाही, तेवढं कानानं सांभाळावं लागतं.

आता पाय. नवख्याची खूण एकच. तो प्रत्येक पावलानंतर पाय मधल्या रिकाम्या चौकोनात परत आणतो. डावा बाण आला, डावा पाय डावीकडे, परत मध्ये. उजवा बाण आला, उजवा पाय उजवीकडे, परत मध्ये. ठाय लयीत हे खपून जातं. १४० बीपीएमच्या दुगुनीत सेकंदाला साडेचारपेक्षा जास्त पावलं पडतात. प्रत्येकाला परतफेरी लावली की हालचाली नऊच्या वर जातात आणि पोटऱ्या बोलू लागतात. पाय जिथे पडला तिथेच राहू द्यावा. बाण नुसता पाय ठेवून लागत नाही, पॅनेल नव्यानं दाबलं गेलं तरच लागतो. त्यामुळे नको असलेल्या पॅनेलवर पाय टेकवून उभं राहिल्याचा दंड नाही. हे कुणी सांगत नाही आणि मशीनही सांगत नाही. जीवपट्टी आणि गुण, दोन्ही मोजपट्ट्या या बाबतीत मुक्या आहेत.

दुसरी सवय पाय आलटून-पालटून टाकण्याची. डावा, उजवा, डावा, उजवा. बाण कुठलाही असो, पाळी ज्या पायाची त्यानंच जायचं. मग आडवे पाय आपोआप येतात. डावा, खालचा, उजवा असे तीन बाण ओळीनं आले तर डाव्या बाणावर डावा पाय, खालच्यावर उजवा आणि उजव्या बाणावर पुन्हा डावा. डावा पाय उजव्याच्या पुढून पलीकडे जातो आणि कंबर उजवीकडे वळते. मधला बाण खालच्याऐवजी वरचा असेल तर डावा पाय उजव्याच्या मागून जातो. चूक बहुतेक वेळा पायाची नसते. खांदे स्क्रीनकडे ताठ ठेवून नुसता पाय वळवायला गेलं की तोल जातो. कंबर आधी वळवावी, नजर तेवढी स्क्रीनवर. हे तीन बाण सावकाश, गाण्याशिवाय, वीसेक वेळा चालून बघितले की अंगात मुरतात.

भार चवड्यावर असावा, गुडघे किंचित वाकलेले. पॅनेल लागायला फारसा जोर लागत नाही. आपटून पाय टाकणारा माणूस तिसऱ्या गाण्यात दमतो तो वेगानं नाही, आपटण्यानं. मागच्या दांडीवरून मात्र खेळणाऱ्यांत जुना वाद आहे. दांडी धरणं म्हणजे लबाडी असं एक गट मानतो, कारण मग नाच राहतच नाही. सुरुवातीच्या वर्षांत तर गुणांची पर्वा न करता, गाण्यावर आपला नाच बसवून, मध्ये गिरक्या घेत, गुडघ्यानं किंवा हातानंही पॅनेल दाबत खेळणाऱ्यांचा स्वतंत्र पंथ होता, त्याला फ्रीस्टाइल म्हणत. पण १५० बीपीएमची चौगुन म्हणजे सेकंदाला दहा पावलं. ३०० बीपीएमची दुगुन, तीही दहाच. तिथे शरीराचा भार कुठेतरी टेकवावाच लागतो. दांडीवर हरकत घेणाऱ्यांनी एकदा सलग मिनिटभर सेकंदाला दहा पावलं टाकून दाखवावीत.

चार्टच्या अवघडपणाच्या आकड्याबद्दल सावध असावं. जुन्या डीडीआरमध्ये एक ते दहा असं माप होतं. अवघड गाणी वाढत गेली तशी ती सगळी दहावर कोंबली गेली आणि दहा-दहामध्ये जमीन-अस्मानाचं अंतर पडलं. २००८ च्या ‘डीडीआर एक्स’नं एक ते वीस माप आणलं. त्यामुळे जुन्या मशीनवरचा सात आणि नव्यावरचा सात वेगळे. नव्या मशीनवर सात बघून जुना खेळाडू छाती काढून चढतो आणि त्याला गाणं मिळमिळीत वाटतं, उलट दिशेनं जाणाऱ्याची त्रेधा उडते. शिवाय एकाच आकड्याची दोन गाणी सारखी नसतात. यासाठी ग्रूव्ह रडार नावाची पंचकोनी आकृती आहे : एक टोक सलग पावलांच्या दाटीचं, दुसरं सर्वांत घट्ट तुकड्याचं, तिसरं उड्यांचं, चौथं दाबून धरायच्या लांब बाणांचं, पाचवं लयीच्या वेडावाकडेपणाचं. आकड्याइतकीच ती आकृती बघावी. दम कमी असेल तर पहिलं टोक लहान असलेलं गाणं घ्यावं, तळमजल्यावर राहत नसाल तर तिसरं.

तुलनेसाठी ‘जस्ट डान्स’ घेऊ, कारण आज घरात सर्वाधिक ओळखीचा नाचाचा खेळ तोच. युबीसॉफ्टनं तो २००९ साली निन्टेन्डो वीवर आणला. स्क्रीनवरचा नर्तक आरशासारखा नाचतो, खाली पुढच्या हालचालीची चित्रं सरकतात आणि तुम्ही नक्कल करायची. मोजमाप होतं ते हातातल्या रिमोटचं किंवा फोनचं. पाय, कंबर, मान यांची त्या यंत्राला खबरही नसते. सोफ्यावर बसून नुसता उजवा हात बरोबर हलवला तरी तारे मिळतात. कुणी याला खेळाचा दोष म्हणेल, मला तो मोठेपणा वाटतो. वाढदिवसाला जमलेल्या पंधरा जणांतले बारा जण कधीच न नाचलेले असतात, त्यांना चूक दाखवून काय साधणार? या खेळात मध्येच बाद होणं नाही. गाणं शेवटपर्यंत जातं.

जाणत्याची गोची मात्र तिथेच होते. वरचा आकडा १३,३३३ गुणांचा आहे, ११,००० ला सुपरस्टार, १२,००० ला मेगास्टार. ११,५०० वर अडकलेल्याला पुढे कसं जायचं ते खेळ सांगत नाही. ‘ओके’ असा शेरा येतो, पण हात लवकर गेला, उशिरा गेला की कोपर पुरेसा वर नव्हता, हे कळायला मार्ग नाही. मग लोक नाच सुधारायचं सोडून सेन्सरला काय आवडतं ते हुडकू लागतात : मनगटाला झटका द्या, हालचाल थोडी अतिरेकी करा. गुण वाढतात, नाच बिघडतो. हार्मोनिक्सच्या ‘डान्स सेंट्रल’नं २०१० साली एक्सबॉक्सच्या किनेक्ट कॅमेऱ्याच्या जोरावर यावर चांगला तोडगा काढला होता. चुकलेला हात किंवा पाय पडद्यावरच्या नर्तकाच्या अंगावर लाल दिसायचा, आणि एकेक हालचाल सुटी करून संथपणे शिकवणारा वर्गही होता. पुढे किनेक्टच बंद पडला. डीडीआर कमरेच्या वर काहीच मोजत नाही, पण जे मोजतं त्याचं कारण सांगतं : फास्ट की स्लो, म्हणजे पाऊल लवकर पडलं की उशिरा. हा शेरा पर्यायांमध्ये चालू करता येतो, आणि ज्याला बेसिकच्या पुढे जायचंय त्यानं तो पहिल्यांदा चालू करावा.

कारण बहुतेकांची चूक एकाच बाजूला झुकलेली असते. नवखे सहसा लवकर पाय टाकतात. बाण पोकळ चौकटीला शिवला की दाबायचा असं त्यांना वाटतं, खरं तर तो पुरता आत बसायला हवा. साठ फास्ट आणि पाच स्लो असा निकाल आला की औषध ठरलेलं असतं : डोळ्याऐवजी कानावर विसंबा. तीस-तीस असा आला तर दुखणं वेगळं, तिथे पाय अजून स्थिर नाहीत, खालच्या पातळीवर उतरून तेच गाणं पुन्हा खेळावं.

घरी खेळणाऱ्यानं मात्र दोष स्वतःला लावण्याआधी टीव्हीला लावून बघावा. आजच्या टीव्हीत चित्र सुधारण्याच्या नादात ते मागे पडतं. आधी गेम मोड चालू करावा. ब्लूटूथ हेडफोन किंवा स्पीकर असेल तर काढून टाकावा. त्यात सहज शंभर-दोनशे मिलिसेकंदांचा उशीर असतो, म्हणजे ग्रेटची खिडकीसुद्धा गेली. मग स्टेपमेनियात एफ ६ पुन्हा पुन्हा दाबून ‘ऑटोसिंक मशीन’ हा पर्याय निवडावा आणि हातखंडा असलेलं एखादं सोपं, एकसुरी ठोक्याचं गाणं खेळावं. तुमची पावलं सातत्यानं ज्या बाजूला पडतात तितका फरक खेळ स्वतः दुरुस्त करतो. हे काम घरातल्या सर्वांत स्थिर पायाच्या माणसानं करावं. नवख्यानं केलं तर त्याची घाई सगळ्यांच्या माथी कायमची बसते.

घरी मशीनऐवजी पायाखाली घेतात त्या मऊ चटईचं म्हणाल तर ती स्वस्त आहे आणि तिची दुखणी ठरलेली आहेत. साधारण तीन फूट लांब-रुंद प्लॅस्टिक, आत विद्युतवाहक पट्ट्यांचे दोन थर आणि मध्ये भोकं पाडलेला फोम. पाय पडला की भोकातून दोन्ही थर टेकतात. बूट घालून खेळलं की थर फाटतात. घडी घालून ठेवली की घडीवरची पट्टी तुटते आणि एक पॅनेल मरतं. म्हणून गुंडाळून ठेवावी. आपल्याकडच्या गुळगुळीत फरशीवर ती गाण्यागणिक पुढे सरकते, खेळाडूही तिच्यावर मागे-पुढे होतो, आणि खालचा बाण न लागण्याचं मूळ बहुतेकदा हेच असतं, तार तुटलेली नसते. प्लायवुडचा तेवढाच तुकडा घेऊन चटई त्यावर वेल्क्रोनं चिकटवावी आणि प्लायखाली रबरी मॅट टाकावी. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांशी संबंधही त्यामुळे टिकतात.

एक दोष मात्र दिसत नाही आणि माणसाला वेड लावतो. प्लेस्टेशनची जुनी चटई स्वस्तातल्या यूएसबी अ‍ॅडॅप्टरनं संगणकाला जोडली की एकेकटे बाण झकास लागतात आणि डावा-उजवा एकत्र आला की दोन्ही हुकतात. अ‍ॅडॅप्टर त्या बाणांना जॉयस्टिकची दांडी समजतो. दांडी एकाच वेळी डावीकडे आणि उजवीकडे असू शकत नाही, म्हणून तो दोन्ही खोडून टाकतो. स्टेपमेनियाच्या पर्यायांत टेस्ट इनपुट नावाचा पडदा आहे. तिथे डावा-उजवा, मग वरचा-खालचा एकत्र दाबून बघावं. एकही जोडी गायब झाली तर अ‍ॅडॅप्टर बदलावा, पाय नाही.

दोन चटया असतील तर या खेळाची दुसरी खुबी दिसते. दोघांनी गाणं एकच निवडायचं, पातळी ज्याची त्यानं. भाचा एक्स्पर्टवर, मावशी बेसिकवर. दोघांचे बाण एकाच गाण्यावर शेजारी-शेजारी सरकतात आणि एकाच क्षणी संपतात. एकाची जीवपट्टी रिकामी झाली तरी दुसऱ्याची शिल्लक असेपर्यंत गाणं थांबत नाही. गुणांचा आकडा दोघांचाही दहा लाखांपैकीच असल्यामुळे मावशी ८,९०,००० आणि भाचा ८,४०,००० असा निकाल लागू शकतो, लागतोही. मावशी एरवीही हे विसरू देत नाहीत, इथे तर पडद्यावर लिहूनच येतं.

मराठी गाणी या मशीनवर मिळत नाहीत, पण स्टेपमेनियात आपला चार्ट आपण करू शकतो. ‘साँग्स’ फोल्डरमध्ये गटाचं फोल्डर, त्यात गाण्याचं, त्यात गाण्याची फाइल. मग खेळाच्याच एडिटरमध्ये बाण बसवायचे. पहिली अडचण ठोक्याची. हल्लीची गाणी संगणकाच्या ठोक्यावर बांधलेली असतात, एक बीपीएम दिला की शेवटपर्यंत पुरतो. जुनी गाणी मात्र माणसांनी वाजवलेली. ढोलकी रंगात आली की लय चढतेच. समजा, तुम्ही १२० लिहिलंत आणि वादक १२१ ला पोचला. दर ठोक्याला चारेक मिलिसेकंदांचा फरक पडतो. वीस ठोक्यांत, म्हणजे दहा सेकंदांत, तो ८३ होतो आणि ग्रेटच्या काठावर येतो. अजून वीस ठोके, आणि बरोबर पाय टाकणारा माणूस चूक ठरतो. उपाय कंटाळवाणा आहे : दर चार-आठ मापांनी (एक माप म्हणजे चार ठोके) टाळीचा आवाज लावून ऐकायचं आणि जिथे सरकलं तिथे नवा बीपीएम लिहायचा.

दुसरी अडचण तालाची. केरव्याच्या आठ मात्रा चार-चारच्या मापात मुकाट बसतात. दादऱ्याच्या सहा बसत नाहीत. एडिटरची जाळी मूळ सेटिंगला चारच्या हिशेबात असते, त्यामुळे कोळीगीतासारख्या हेलकाव्याच्या चालीवर बाण ठेवताना दर तिनांतले दोन बाण चुकीच्या रेषेला चिकटतात. जाळी बाराच्या भागावर न्यावी, म्हणजे एका ठोक्यात तीन जागा मिळतात आणि दादऱ्याची सम आणि खाली, म्हणजे पहिली आणि चौथी मात्रा, दोन्ही ठोक्यावर पडतात. बेसिकच्या चार्टात फक्त या दोन जागांवर बाण द्यावेत. मधल्या मात्रा डिफिकल्टसाठी राखाव्यात, नाहीतर नवख्याला तिगुन आणि दुगुन यांतला फरक पायानं ओळखावा लागेल, आणि तो बेसिकच्या माणसाकडून मागायचा नसतो.

चार्ट झाला की स्वतः खेळून तपासू नये, बाण कुठे आहेत ते तुम्हाला पाठ असतं. कधीच न खेळलेल्या कुणाला तरी बेसिकवर उभं करावं आणि स्क्रीनकडे न बघता त्याच्या पायांकडे बघावं. एकाच जागी दोनदा अडखळला तर तो बाण खोडावा. नंतर एखाद्या मुरलेल्या खेळाडूला एक्स्पर्ट द्यावं आणि त्याच्या निकालातले फास्ट-स्लो वाचावेत. त्याचे सगळे फास्ट गाण्याच्या एकाच तुकड्यात जमले असतील तर तिथला बीपीएम अजून चुकलेला आहे.